माहेरच्या नावानं कोणी हाक मारली तर…

प्रवासाला निघायचं म्हटलं की आपल्या बायकांची तयारी आठवडाभर आधी सुरू होते. दशम्या कधी करायच्या, म्हणजे दोन दिवस मऊ राहतील; शेंगदाण्याची चटणी कोणत्या डब्यात भरायची; दूधवाल्याला कधीपासून नको सांगायचं; कुंड्यांना पाणी कोण घालणार; गॅस नीट बंद केला का – यादी काही संपत नाही. घरातले पुरुष मात्र "एवढं काय लागतं दोन दिवसांना?" म्हणत दाराशी चपला घालून उभे!

गंमत अशी, की एवढं ठरवून निघालो तरी परत आल्यावर शेजारणीला आपण जे रंगवून सांगतो, ते त्या यादीतलं कधीच नसतं. देवदर्शन छान झालं, समुद्र पाहिला, हे दोन वाक्यांत आटोपतं. आणि मग डोळे मोठे करून आपण म्हणतो, "अहो, गाडीत आमच्या समोर कोण येऊन बसलं असेल, सांगा पाहू!"

प्रवासातले हे सुखद योगायोग सगळ्यांनाच आवडतात. पण बायकांच्या आयुष्यात त्यांना एक वेगळी किंमत आहे, असं मला गेली काही वर्षं वाटू लागलंय. ती कशी, तेच आज सांगायचं आहे.

कावळा आणि फांदी

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, असं आपण सहज म्हणतो. संस्कृतात यालाच 'काकतालीय न्याय' म्हणतात. कावळा ताडाच्या झाडावर येऊन बसला आणि नेमकं त्याच क्षणी ताडफळ खाली पडलं. कावळ्यानं काही ते पाडलेलं नसतं. दोन्ही गोष्टी एका वेळी घडल्या, इतकंच.

अशी गाठ पडली की आपण लगेच म्हणतो, "देवानंच भेट घडवली बघ!" श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. तिथे आमच्या गणिताच्या बाईंनी एकदा स्टाफरूममध्ये मला एक कोडं घातलं. "वर्गात २३ मुलं आहेत. त्यांतल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता किती?" मी आपलं म्हटलं, "वर्षाचे दिवस ३६५, मुलं २३. फार तर पाच-सहा टक्के." त्या हसल्या. ती शक्यता निम्म्याहून जास्त असते! आणि वर्गात ४० मुलं असली, तर जवळजवळ ८९ टक्के.

कारण असं, की आपण मुलं मोजतो, पण मोजायला हव्यात जोड्या. २३ मुलांच्या जोड्या होतात २५३ आणि ४० मुलांच्या ७८०. प्रत्येक जोडी म्हणजे गाठ पडण्याची एक संधी. मी घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. रेल्वेच्या डब्यात ७२ माणसं असली, तर त्यांच्या जोड्या होतात २,५५६. त्यातल्या प्रत्येकाला गाव आहे, शाळा आहे, सासर-माहेर आहे, पन्नास नातेवाईक आहेत. मग त्या डब्यात कोणाचा कोणाशी धागा जुळणार नाही, हेच नवल म्हणायचं!

म्हणजे योगायोग आपल्याला वाटतात तेवढे दुर्मीळ नसतात. ते शेजारच्या बाकावर बसलेले असतात. दोघींपैकी एकीनं तोंड उघडेपर्यंत ते उमगत नाहीत, एवढंच. मुंबईच्या लोकलमधल्या बायकांचा डबा पाहा. तिथे भाजी निवडता निवडता ओळखी होतात, डोहाळजेवणंसुद्धा होतात. ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांसाठीची लोकल सुरू झाली, तेव्हा तर अख्खी गाडीच बोलकी झाली.

हरवलेल्या मैत्रिणी

आता मुद्द्याचं. आमच्या ह्यांचा शाळेतला एखादा मित्र वीस वर्षांनी शोधायचा असेल, तर काय करावं लागतं? फेसबुकवर नाव आणि आडनाव घातलं की झालं. ते नाव मुंजीत होतं, लग्नात होतं, आजही तेच आहे. पण आमच्या सासूबाईंच्या वर्गातल्या मुली शोधायला जा बरं! आडनाव बदललेलं, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव आलेलं, आणि कितीतरी घरांत ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून पाळण्यातलं नावसुद्धा बदललेलं. गाव तर बदलतंच. पत्ता नाही, नाव नाही. शोधणार तरी कोणाला?

अशा बायका पुन्हा भेटतात त्या फक्त योगायोगानं. आणि बहुतेक वेळा प्रवासात.

आमच्या सासूबाईंचं माहेर कवठे महांकाळकडचं. १९८१ मध्ये लग्न होऊन त्या कोल्हापूरला आल्या. २०१६ मध्ये आम्ही दोघी पंढरपूरला निघालो होतो आणि मिरज स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलो होतो. गाडी आली तशी आई सामान मोजायला लागल्या, "लाभ, दोन, तीन, चार…" त्यांचे वडील धान्याचं माप करायचे. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. ती सवय आईंना लहानपणापासूनची. आमच्या घरात आम्ही तिची थट्टाही करत असू.

त्या 'लाभ' या शब्दाबरोबर पलीकडच्या बाकावरच्या एक बाई झटकन वळल्या. क्षणभर बघत राहिल्या आणि त्यांनी एका नावानं हाक मारली. ते नाव मी आमच्या घरात कधी ऐकलेलं नव्हतं. आईंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. पस्तीस वर्षांत त्या नावानं त्यांना कोणी हाक मारली नव्हती. माहेरचे लोकसुद्धा लग्नानंतर नव्या नावानंच बोलावू लागले होते.

त्या बाई आईंच्या शाळासोबती. लग्न होऊन बेळगावला गेलेल्या. मग काय, गाडी गेली तर जाऊ दे, म्हणून आम्ही तिघी फलाटावरच बसलो. दशम्यांचा डबा उघडला, चहा झाला, दोन वेळा झाला. त्या गप्पांमधून मला पहिल्यांदा कळलं, की आमच्या सासूबाई शाळेच्या खो-खोच्या संघात होत्या. तालुक्याला खेळायला गेल्या होत्या. आणि नववीत असताना 'मी कंडक्टर होणार' असं सांगून त्यांनी हेडमास्तरांना चकित केलं होतं. या घरात येऊन मला चार वर्षं झाली होती. पुरणाला कणीक किती सैल भिजवायची, हे त्यांनी मला शिकवलं होतं. पण खो-खोचं त्या कधी बोलल्या नव्हत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "विचारलं कुणी? आणि सांगायचं कुणाला? ती मुलगी वेगळी होती."

बेळगावच्या मावशींनी आईंना तीन पत्रं पाठवली होती म्हणे. जुन्या नावावर. कोल्हापुरात त्या नावाची बाईच नव्हती, मग पत्र कुणाच्या हातात पडणार!

पुढची पाच वर्षं त्या दोघी जवळजवळ रोज फोनवर बोलल्या. दुपारची भांडी झाली की आई फोन घेऊन माडीवर जायच्या आणि वरून हसण्याचा आवाज यायचा. एकदा बेळगावच्या मावशी आमच्याकडे आठ दिवस राहूनही गेल्या. २०२१ मध्ये त्या वारल्या. आई मिरजेला त्या दिवशी मोठ्यानं मोजत नसत्या, तर त्यांच्या मैत्रिणीचं काय झालं हे त्यांना कधी कळलंसुद्धा नसतं. रडायलासुद्धा माणूस आधी सापडावं लागतं.

आता यात दैव किती आणि हिशेब किती? मिरज हे जंक्शन. पुण्याची, कोल्हापूरची, बेळगावची आणि पंढरपूरमार्गे कुर्डुवाडीची, अशा चारही दिशांच्या गाड्या तिथे एकत्र येतात. त्या भागातल्या लेकी सासरी-माहेरी जाताना मिरजेवरूनच जाणार. कोण जाणे, याआधीही त्या दोघी एकाच फलाटावर पाठीला पाठ लावून बसल्या असतील!

दातांच्या डॉक्टरांकडे वाट पाहताना

नावाचा विषय निघाला की मला डॉक्टर आनंदीबाई जोशींची आठवण येते. पाळण्यातलं त्यांचं नाव यमुना. १८६५ चा जन्म. नवव्या वर्षी लग्न झालं आणि यमुनेची आनंदी झाली. त्यांच्या यजमानांना, गोपाळरावांना, बायकोला शिकवायची विलक्षण ओढ. त्यांनी वाइल्डर नावाच्या एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, आणि तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या मिशनच्या मासिकात छापून आला. गोपाळरावांना हवी होती तशी मदत त्यातून मिळाली नाही. प्रकरण तिथेच संपायचं.

पण न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या श्रीमती कारपेंटर नावाच्या एक गृहिणी १८८० च्या सुमारास दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. नंबर येईपर्यंत वेळ जावा म्हणून तिथे पडलेलं मासिक त्यांनी चाळायला घेतलं. नेमका तोच अंक! सातासमुद्रापलीकडच्या एका मुलीला शिकायचं आहे, हे वाचून त्यांच्यानं राहवलं नाही. त्यांनी पत्र लिहिलं. पत्राला उत्तर गेलं, आणि बघता बघता आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या.

एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि जूनमध्ये न्यू यॉर्कला उतरल्या. उतरवून घ्यायला या मावशीच होत्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. पुढचं दुर्दैव आपल्याला ठाऊक आहे. फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या अस्थी अमेरिकेला मावशींकडे पाठवण्यात आल्या आणि मावशींनी त्या आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या.

दुखणारा दात आणि जुनं मासिक, एवढाच तो योगायोग. पण मासिक वाचून बाजूला ठेवणारे कितीतरी असतील. कारपेंटरबाईंनी घरी जाऊन पत्र लिहिलं, हे महत्त्वाचं. योगायोग दारापर्यंत येतो. पाट मांडायचा की नाही, हे आपल्या हातात असतं.

पुलावरून पाणी

असाच एक अनुभव माझ्याही वाट्याला आला. २०१८ च्या जुलैत मी मुलाला घेऊन कोल्हापूरहून रत्नागिरीला माहेरी निघाले होते. पाऊस असा, की समोरचं दिसेना. शाहूवाडी तालुक्यात एका ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहत होतं, त्यामुळे बस अलीकडच्या गावात थांबली. पाणी ओसरेपर्यंत हलायचं नाही. चार वर्षांचं पोर कडेवर, ते भुकेनं किरकिर करतंय, आणि सगळ्या रस्त्यावर चिखल.

रस्त्याकडेच्या घरातून एका आजींनी हाक दिली, "पोरी, आत ये की. भिजत काय हुबी हाईस?" चुलीजवळ बसवलं, पोराचं डोकं पुसलं आणि दुसराच प्रश्न, "म्हायेर कुठलं गं तुजं?" मी म्हटलं, "रत्नागिरीचं. पण आई शिक्षिका होती, त्यामुळे बरीच वर्षं साखरप्याकडं काढली." एवढं म्हणते तोच आतून त्यांची सून हात पुसत बाहेर आली. "कुठल्या शाळेत हो ताई?" मी शाळा सांगितली. ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही बाईंच्या मुलगी!" ती माझ्या आईची विद्यार्थिनी निघाली. आईनं तिला पहिली-दुसरीला शिकवलं होतं.

मग काय विचारता! माझ्या पोरासाठी म्हणून तिनं हुलग्याचं माडगं केलं. तुम्हीही पावसाळ्यात करून पाहा. हुलगे खमंग भाजून दळून ठेवायचे. दोन चमचे पीठ गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचं, दोन वाट्या उकळत्या पाण्यात सोडायचं, चवीपुरता गूळ, चिमूटभर मीठ आणि थोडी सुंठ घालून पाच-सात मिनिटं ढवळत शिजवायचं. गरम गरम प्यायलं की अंगात ऊब येते. माझं पोर दोन वाट्या पिऊन आजींच्या मांडीवर झोपलं.

निघताना त्या सुनेनं आईसाठी एक निरोप दिला. "बाईंना सांगा, माझी मुलगी आता डी. एड. करतेय." आईला निवृत्त होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. 'आपण एवढी वर्षं काय केलं' असं ती अधूनमधून म्हणायची. तो निरोप ऐकल्यावर मी तिच्या तोंडून ते वाक्य पुन्हा ऐकलं नाही.

यातही चमत्कार कुठला नाही. साखरपा त्याच रस्त्यावर, घाट उतरला की लागतो. घाटावरच्या आणि घाटाखालच्या गावांत सोयरिकी होतातच. पण आजींनी 'माहेर कुठलं' विचारलं नसतं, तर मी माडगं पिऊन, आभार मानून निघून आले असते.

जपून, पण बोलून

तुम्ही म्हणाल, "हे सगळं ठीक आहे हो, पण दिवस कसले आलेत!" खरं आहे. काळजी ही घ्यायलाच हवी. म्हणून चार गोष्टी सांगते.

अनोळखी माणसानं दिलेलं खाणं-पिणं घेऊ नका, असं रेल्वे पुन्हापुन्हा सांगते, ते पाळावं. गुंगीच्या औषधाचे प्रकार घडतात. आपला डबा आपण खावा. समोरच्यानं आपलं नाकारलं, तर रागही मानू नये. फारच आग्रह झाला, तर आपण स्वतः सोलू असं केळं-संत्रं घ्यावं.

गप्पा गावच्या, शाळेच्या, सणावाराच्या, पदार्थांच्या माराव्यात. घराचा नेमका पत्ता, घराला कुलूप आहे की नाही, अंगावरचं खरं की खोटं, ही माहिती देऊ नये. डब्याचा आणि सीटचा नंबर घरी कळवून ठेवावा. रेल्वेत अडचण आली तर १३९ आणि कुठेही संकट आलं तर ११२ हे नंबर फोनमध्ये नकोत, पाठ असू द्यावेत. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते!

पर्समध्ये एक छोटी वही आणि पेन ठेवावं. मन जुळलं, तर दुसरीचा नंबर तिच्याकडूनच लिहून घ्यावा. पुढे माहेरचं नाव आणि गावही लिहावं. आणि घरी आल्यावर आठ दिवसांच्या आत एकदा फोन करावा, नाहीतर ती वही तशीच कपाटात जाते.

मुख्य म्हणजे निदान अर्धा तास तरी फोन पर्समध्ये ठेवावा. कानात ती बोंडं घालून बसलं, की शेजारी बालमैत्रीण 'लाभ, दोन, तीन' मोजत असली तरी ऐकू कसं येणार?

१७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना एस.टी.चं अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणी एकट्या माहेरी जाऊन येऊ लागल्या आहेत. कुणी सोबत येईल का, याची वाट त्या पाहत नाहीत. एकटी बाई शेजारणीशी बोलतेही जास्त. आणि लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा काही कायदा नाही, हेही आपल्या मुलींना सांगून ठेवायला हवं. बदलायचं असेल तर खुशाल बदलावं, पण फेसबुकवर माहेरचं आडनावही लिहावं. हल्ली बऱ्याच जणी तसं लिहितात, ते फार शहाणपणाचं आहे.

आमच्या सासूबाई आता चौसष्ट वर्षांच्या आहेत. अजूनही पंढरपूरला जातात. गाडीत शेजारी कोणी बाई येऊन बसली, की त्या आपलं नाव सांगतात आणि लगेच पुढे जोडतात, "माहेरचं नाव वेगळं हो!" आणि मग तेही सांगतात. शेजारची बाई आधी हसते, मग तिचंही सांगते.

तर मैत्रिणींनो, दिवाळीत, मे महिन्यात कुठे ना कुठे निघालच. दशम्या करा, चटणी भरा, गॅस बघा. आणि गाडी सुटली, की शेजारणीला विचारा, "माहेर कुठलं तुमचं?"